कमोडच्या बुडाशी सारखं पाणी, प्लंबर म्हणतोय सगळं फोडावं लागेल

भडंगप्रेमी

नमस्कार मंडळी. सांगलीत विश्रामबागला फ्लॅट आहे आमचा, दुसरा मजला, बिल्डिंग २०१६ ची. बेडरूमला लागून जो संडास-बाथरूम आहे त्यातल्या कमोडच्या बुडाशी गेला महिनाभर पाणी दिसतंय. धार बिर काही नाही, पण कमोड आणि फरशी जिथं टेकतात तिथली पांढऱ्या सिमेंटची कड कायम ओली, आणि मागं भिंतीकडं बोट फिरवलं की बोट भिजतं. सकाळी जास्त, दुपारी जरा वाळल्यासारखं, रात्री परत तेच. वास येतो पण रोज नाही.

एवढंच असतं तर मी फडकं टाकून गप बसलो असतो, पण खालच्या मजल्यावरच्या काकांच्या बाथरूमच्या छताला ओल आलीय, पोपडे सुटायलेत. काका भला माणूस आहे, पण काकू आता जिन्यात माझ्या बायकोला ऐकू जाईल अशा बेताने बोलायला लागल्यात.

एक प्लंबर आणला, तो दारातनंच बघून म्हणाला वॉटरप्रूफिंग गेलंय, सगळी फरशी फोडून खालपासून नवीन करावं लागेल, ४५ हजार, फरशीचे पैसे वेगळे. दुसरा आणला तर तो म्हणाला येडा आहे काय तो, कशाला फोडायचं, आणि गोल फिरून पांढरं सिमेंट भरून गेला. चार दिवस बरं वाटलं, मग आहे तसंच. आता कुणाचं ऐकू? घरात आई आहे, गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, दुसरा संडास खाली बसायचा आहे, तो तिला चालत नाही, त्यामुळं हा जास्त वेळ बंद ठेवता येणार नाही. ज्यांनी असलं काम केलंय किंवा करून घेतलंय त्यांनी जरा सविस्तर सांगा.

शंभरफुटी_रोड

पांढऱ्या सिमेंटात ते वॉटरप्रूफिंगचं लिक्विड घालून भर की भावा, नुसतं सिमेंट भरलं तर चिरा पडणारच. वरनं एम-सीलचा हात फिरवायचा. विषय संपला. ४५ हजार म्हणजे काय राव, त्यात आमच्या गावाकडं आख्खा संडास बांधून होतोय.

मिरज_हार्डवेअर

विषय संपत नाही ओ, झाकला जातो. आमचं मिरजेत दुकान आहे, आठवड्याला एखादा तरी येतोच पांढरं सिमेंट द्या म्हणून, आणि पावसाळा संपायच्या आत तोच माणूस परत येतो. बाहेरनं कड बंद केली की पाणी यायचं थांबत नाही, ते बाहेर दिसायचं थांबतं. मग जातं कुठं, तर खाली, आणि खालच्या काकांना दिसतं. तुमच्या केसमध्ये तेच झालेलं दिसतंय.

भडंगप्रेमी, आधी एक सांगा, भांडं पी ट्रॅप आहे का एस ट्रॅप? माहीत नसलं तर कमोडच्या मागं मान घालून बघा. भांड्याचं मागचं तोंड आडवं जाऊन भिंतीत गेलं असेल तर पी. मागं काहीच दिसत नाही, सगळं खाली फरशीतच गेलंय, तर एस. कधी कधी पी ट्रॅपलाच मागं बेंड लावून पाईप फरशीत उतरवलेला असतो, तोही पीच धरायचा.

हे का विचारतोय तर सगळा तपास इथनं वळतो. एस ट्रॅपमध्ये घाण पाणी भांड्याच्या पोटाखालनंच पाईपात उतरतं, तिथं मेणाची रिंग नाहीतर रबर असतं (किंवा नुसतं सिमेंट थापलेलं असतं, आपल्याकडं तेच जास्त), ते गेलं की पाणी बुडाखालनं बाहेर येणार. पण पी ट्रॅपच्या बुडाखालनं कुठलंच पाणी जात नाही. भांड्याचं बूड आतनं पोकळ असतं, तिथं पाईप नाही, काही नाही. मग तिथनं पाणी येतंय म्हणजे ते दुसरीकडनं येऊन तिथं साठतंय. मागच्या सांध्यातनं, फ्लशच्या टाकीतनं, फ्लश बेंडच्या (टाकीतनं भांड्याला येणारा वाकडा पाईप) रबरातनं, अँगल कॉकमधनं (टाकीचं पाणी बंद-चालू करायचा भिंतीवरचा छोटा नळ), आणि आपल्याकडं सगळ्यात जास्त वेळा कशातनं माहितीय का, अंघोळीच्या पाण्यातनं. संडास-बाथरूम एकत्र, फरशीचा ढाळ जरा चुकलेला, त्यात तो जेटचा पाईप, दिवसभर फरशी ओली. कडेच्या सिमेंटला केसाएवढी चीर असली तरी पाणी आत पोकळीत जाऊन बसतं आणि मग तासन्‌तास झिरपत राहतं. लोकांना वाटतं कमोड गळतोय. कमोड बिचारा कोरडा असतो.

तेव्हा आधी पाणी कुठलं ते ठरवा, मग प्लंबर ठरवा.

भडंगप्रेमी

बघितलं. मागं आडवं तोंड आहे, भिंतीत गेलंय. म्हणजे पी. टाकी वेगळी आहे, भिंतीला लावलेली प्लॅस्टिकची, तिथनं एक पांढरा वाकडा पाईप भांड्याला येतो.

पण ओळखायचं कसं कुठलं पाणी आहे ते? सगळं पाणी सारखंच दिसतंय की.

कंदीपेढा

मी साताऱ्याची, शाहूपुरीत राहते. आमच्याकडं हा सगळा खेळ झालाय म्हणून सांगते, निळीनं ओळखायचं. कपड्यांना घालतो ती लिक्विड नीळ. टाकीचं झाकण काढून त्यात चांगली निळी करून सोडायची आणि बघत बसायचं. फ्लश न करताच भांड्यात निळं उतरायला लागलं तर टाकीतला वॉशर गेलाय, ते पाणी भांड्यातच जातं म्हणून फरशीचा त्याच्याशी संबंध नाही, पण पाणी वाया जातंय ते वेगळंच. फ्लश केल्यावर फरशीवर निळं आलं तर मग कमोडचीच भानगड.

मिरज_हार्डवेअर

ताईंनी बरोबर सांगितलं, फक्त त्याला जरा क्रम लावू, नाहीतर घोळ होतो.

पहिली गोष्ट, एक रात्र तिथं अंघोळ नाही, जेट नाही, फरशी धुणं नाही. आईंना वापरायला हरकत नाही पण पाणी फरशीवर सांडू द्यायचं नाही. झोपताना कड फडक्यानं पूर्ण कोरडी करा आणि भोवतीनं वर्तमानपत्राच्या पट्ट्या अंथरा, मागं सुद्धा सारा. आत साठलेलं पाणी असेल तर पहिल्या रात्री पट्ट्या भिजणारच, त्याच्यावरनं काही ठरवू नका. ते निथळून गेलं की मग खरी तपासणी.

मग फ्लश न करता, अँगल कॉक चालू ठेवून बघा. पट्टी भिजली तर कनेक्शन पाईप, अँगल कॉक, टाकीच्या खालचा नट, यातलं काहीतरी. प्रत्येक सांध्याखाली कोरडा टिश्यू पेपर धरून बघा, डोळ्याला न दिसणारा थेंब टिश्यूला दिसतो.

ते कोरडं निघालं तर टाकीत नीळ घालून फ्लश. आणि आता महत्त्वाचं. फ्लशवर निळं आलं तर ते दोन ठिकाणचं असू शकतं, भांड्यात शिरताना (फ्लश बेंडचं रबर) किंवा भांड्यातनं बाहेर पडताना (मागचा सांधा). हे वेगळं करायला टाकीला हात न लावता बादलीत नीळ घालून बादली सरळ भांड्यात ओता, जरा जोरात. बादलीनं पण मागं निळं आलं तर मागचा सांधा, नाहीतर भांड्यालाच तडा. बादलीनं नाही आलं आणि फ्लशनं येतं, तर फ्लश बेंडचं रबर, वीस मिनिटांचं काम आहे ते.

अंघोळीच्या पाण्याची परीक्षा सगळ्यात शेवटी, कारण ती केली की सगळं ओलं होतं आणि बाकीचं काही कळत नाही. फरशीवर निळं पाणी ओतायचं, नहाणी ट्रॅपकडं (फरशीतनं पाणी जायची जाळी) जाऊ द्यायचं, वरनं पुसून घ्यायचं आणि कडेतनं परत निळं येतंय का बघायचं.

आणि हो, भांडं दोन्ही हातांनी धरून डावीकडं-उजवीकडं हलवून बघा. जोर लावू नका, नुसतं हलतंय का तेवढं.

गवंडीकाका

एवढं सगळं करण्यापेक्षा चांगला मिस्त्री बोलवा. आमच्या काळात सांधा सिमेंटनंच करायचो, सुतळी गुंडाळून वर सिमेंट, तीस-तीस वर्षं थेंब आला नाही. आता रबर आलं, सिलिकॉन आलं आणि दर चार वर्षाला गळती आली.

मिरज_हार्डवेअर

काका तुमच्या काळातलं काम चोखच होतं, वाद नाही. पण तेव्हा पाईप बिडाचा नाहीतर चिनी मातीचा असायचा, त्याला सिमेंट धरतं. आता पीव्हीसी आहे. पीव्हीसीच्या गुळगुळीत अंगाला सिमेंट चिकटतच नाही, नुसतं भोवती बसून राहतं. त्यात पीव्हीसी उन्हाळ्यात-थंडीत जरा कमी-जास्त होतो, सिमेंट तेवढं होत नाही. भांडं हललं की सांध्यात चीर पडलीच म्हणून समजा.

गवंडीकाका

हे पटलं. बिडाच्या पाईपाची गंमतच वेगळी होती पण.

शामरावनगरकर

एक मुद्दा राहतोय बघा. तळमजल्यावाल्यांनी आधी बाहेरचं चेंबर उघडून बघावं. आमचं शामरावनगरात तळमजल्याचं घर, २०१९ च्या पुरात आयर्विन पुलाला पाणी ५७ फुटांच्या वर गेलं तेव्हा आमच्यात कमरेएवढं होतं. पूर ओसरला, घर धुतलं, रंग दिला, सगळं झालं आणि मग कमोडच्या बुडातनं पाणी यायला लागलं. आम्ही भांड्यालाच दोष देत बसलो होतो. एका पोरानं चेंबरचं झाकण उचललं तर आत अर्ध्यापर्यंत गाळ. लाईन तुंबलेली असली की फ्लशचं पाणी पुढं जात नाही, भांड्यात वर चढतं, हळूहळू उतरतं, आणि तेवढ्या वेळात जिथं कच्चा सांधा सापडेल तिथनं बाहेर पडतं. लाईन साफ केली, पाणी बंद. सांधा कच्चा होताच म्हणा, तो नंतर केला.

तेव्हा फ्लश केल्यावर भांड्यातलं पाणी नेहमीपेक्षा वर येऊन मग गुडगुड करत खाली जातंय का हे बघा. तसं असेल तर सांध्याच्या आधी लाईन.

आणि काळ्या मातीत ज्यांची घरं आहेत त्यांना अजून एक दुखणं, पावसाळ्यात माती फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, बाहेरचा पाईप वरखाली होतो आणि सगळा ताण येतो भांड्याच्या सांध्यावर. आमच्या गल्लीत हे घरोघरी आहे.

भडंगप्रेमी

मंडळी, रिपोर्ट घ्या. बायको म्हणाली आख्खं घर संडासासमोर उकिडवं बसलेलं पहिल्यांदा बघितलं.

पट्ट्या पहिल्या रात्री भिजल्या, सांगितल्याप्रमाणं सोडून दिलं. मग आम्ही सगळ्यांनी अंघोळी दुसरीकडं केल्या. नुसतं ठेवलं तर कोरडं. टाकीत नीळ घालून फ्लश केला, मिनिटभरात मागच्या पट्टीवर निळा डाग. बादलीनं ओतलं, परत निळा डाग, आणि यावेळी मोबाईलचा टॉर्च मारून बघितलं तर भिंतीजवळ जिथं भांड्याचं तोंड पाईपात जातं तिथं सिमेंटचा जो गोळा आहे त्याच्या खालच्या अंगाला बारीक चीर आणि तिच्यातनं थेंब लोंबकळतोय. भांडं हलवलं तर हलतं. आई बसताना कठड्याला धरून एका बाजूला जोर देऊनच बसते, त्यामुळं रोजच हलत असणार.

अजून एक, भांड्याला खाली दोन्ही बाजूला स्क्रूची भोकं आहेत पण त्यात स्क्रूच नाहीत. पांढरं सिमेंट भरून वरनं गुळगुळीत केलंय. म्हणजे २०१६ पासून हा कमोड नुसता सिमेंटवर उभा आहे?

मिरज_हार्डवेअर

होय. आणि तुम्ही एकटे नाही, निम्म्या बिल्डिंगांत हेच आहे. भोक पाडायचं तर ड्रिल पाहिजे, गिट्टी (स्क्रू धरायला भोकात ठोकतात तो प्लग) पाहिजे, फरशीला तडा जायची भीती, त्यापेक्षा सिमेंटावर बसवला की दहा मिनिटांत काम होतं.

मग आता चित्र स्पष्ट आहे. भांडं डोलतंय, डोलून मागचा सांधा फुटलाय, सांध्यातलं पाणी खाली उतरून बुडाच्या पोकळीत जातंय, दुसऱ्या प्लंबरनं कड बंद केल्यामुळं पुढं यायचं ते मागं आणि खाली जातंय. वॉटरप्रूफिंगचं नंतर बघू, आधी हे. फरशी फोडायची काही गरज दिसत नाही मला.

काम असं करून घ्या. स्वतः करणार असाल तर एक जोडीदार घ्या, भांडं जड असतं आणि निसटलं तर बोट तरी जातं नाहीतर भांडं. अँगल कॉक बंद, फ्लश करून टाकी रिकामी, भांड्यात जे पाणी उरतं ते स्पंजनं टिपून बादलीत. फ्लश बेंड सोडवा. मग कडेचं सिमेंट, याला छन्नी-हातोडा पहिल्यांदा नाही, एक्सॉ ब्लेडचा तुकडा फडक्यात धरून कडेनं करवतायचं, नाहीतर चिनी मातीला कपचा उडतो. मागच्या सांध्याचं सिमेंट मात्र छोट्या छन्नीनं हळूहळू टोचून काढावं लागेल, आत पीव्हीसीला टोक लागू देऊ नका. पाईपच फुटला तर मग खरंच भिंत फोडायची पाळी येते.

भांडं सरळ पुढं ओढा, वर उचलू नका, मागचं तोंड पाईपात असतं. निघालं की पोत्यावर आडवं ठेवा. पाईपाच्या तोंडात फडक्याचा बोळा घाला, गॅस वर येत नाही आणि खडे आत पडत नाहीत, पण बोळ्याला दोरी बांधा. तो बोळा आत गेला की पुढचा धागा तुम्हाला वेगळा टाकावा लागेल.

आता भांड्याखालची जागा बघा. काळी, कुजकट, ओली असणार. घासून धुवा आणि वाळवा. पंखा लावून ठेवा. घाई इथं करायची नाही, कारण ओल्यावर सिलिकॉन धरत नाही.

मग सिमेंटच्या जागी रबराचा पॅन कनेक्टर. एका बाजूनं भांड्याच्या तोंडावर चढतो, दुसऱ्या बाजूला पाकळ्या असतात त्या पाईपात बसतात. भांडं थोडं हललं तरी रबर सांभाळून घेतं. पाईपाचा आणि भांड्याचा मध्य जुळत नसेल तर तिरका येतो, ऑफसेट म्हणून मागा. चढवताना साबणाचं पाणी लावा. तेल, ग्रीस, व्हॅसलिन लावू नका, रबर फुगतं आणि सैल होतं.

शंभरफुटी_रोड

आणि स्क्रू?

मिरज_हार्डवेअर

तेच सांगत होतो. भांडं जागेवर ठेवून भोकातनं पेन्सिलनं खूण करा, भांडं बाजूला घ्या, मग ड्रिल. फरशीवर हॅमर मोड नको, आधी साध्या फिरकीनं फरशी पार करा आणि खाली काँक्रिट-कोबा लागला की मग हॅमर. जास्त खोल नको, तुमचा संडास बुडीत स्लॅबवर असणार, म्हणजे स्लॅब खोलगट ठेवून वर भराव घातलेला, त्या भरावात खाली पाईप गेलेले असतात. गिट्टीच्या लांबीएवढंच, ड्रिलच्या पात्याला चिकटपट्टी लावून खूण करून घ्या. भोकात थोडं सिलिकॉन सोडून मग गिट्टी ठोका म्हणजे तिथनं पाणी खाली उतरत नाही.

स्क्रू स्टीलचे घ्या, साधे लोखंडी दोन वर्षांत गंजून फरशीवर तांबडे ओघळ येतात. प्लॅस्टिकचा वॉशर घालून आळीपाळीनं दोन्हीकडचे थोडे थोडे आवळा. हाताला घट्ट लागला की थांबा. अजून एक पिळा मारू म्हणणाऱ्याचं भांडं टचकन फुटतं, आणि ती किंमत दुकानदार परत देत नाही. फरशी वरखाली असेल आणि भांडं डुगडुगत असेल तर स्क्रूनं दाबून सरळ करायला जाऊ नका, खाली प्लॅस्टिकच्या पातळ चकत्या सरकवा, डुगडुग थांबली की मगच आवळा.

कड भरायला सिलिकॉन, बुरशी न धरणारं मिळतं ते. उघडल्यावर व्हिनेगरसारखा आंबूस वास येतो ते सिमेंटाला आणि मार्बलला बरोबर नाही, न्यूट्रल म्हणून मागा. आणि तीनच बाजू भरा. मागं चार बोटं जागा उघडी सोडा.

शंभरफुटी_रोड

उघडी? मग एवढं सगळं कशाला केलं? घाण जाईल की त्यात.

कंदीपेढा

अहो उद्या सांधा परत गळला तर तुम्हाला कळणार कसं? मागनं पाणी दिसलं की लगेच कळतं. सगळीकडनं बंद केलं तर डबक्यावर झाकण ठेवल्यासारखं, ते खालच्यांच्या छताला सांगत बसणार. पुढनं आणि बाजूनं बंद असलं की अंघोळीचं पाणी काही आत जात नाही. आमच्या मिस्त्रीनं पण मागं सोडलंय. फरशी धुताना तेवढी मागं बादली मारायची नाही.

पेठभागवाला

वहिनी की ताई जे असाल ते, मुद्दा बरोबर. मला एक विचारायचंय, आमच्याकडं काम करायला येणाऱ्या मावशी बाथरूमचं ॲसिड टाकून घासतात, कमोड चकचकीत होतो पण कडेचं सिमेंट भुसभुशीत झालंय. त्याचा संबंध आहे का?

गवंडीकाका

आहे तर. ॲसिड सिमेंट खातंच. भांड्याच्या आतल्या बाजूला टाका, चिनी मातीला काही होत नाही, पण फरशीवर आणि कडेला नको. फरशीच्या दरजा पण त्यानंच उघड्या पडतात आणि मग पाणी फरशीखाली जातं. ढीगभर बाथरूमं बघितलीत मी, लोक म्हणतात बांधकाम कच्चं, बघायला गेलं की कोपऱ्यात ॲसिडची बाटली. दरजा गेल्याच असतील तर इपॉक्सी ग्राउट भरून घ्या, महाग पडतं पण ॲसिडला दाद देत नाही. हे नवीन सामान मात्र चांगलं आहे, एवढं मी मान्य करतो.

भडंगप्रेमी

झालं बरं का काम. नवीन प्लंबर शोधला, त्याला आधीच सांगितलं की पॅन कनेक्टर आणि स्क्रू लावायचे, पांढरं सिमेंट आणलंस तर दारातनं परत. तो हसला आणि म्हणाला तुम्हाला कुणीतरी शिकवून पाठवलंय.

भांडं काढल्यावर खाली जे होतं ते सांगत नाही, जेवायच्या वेळेला कुणी वाचत असेल. सिमेंट भरलेलं होतं त्यात विटेचे तुकडे, खडी, आणि एक बिडीचं बंडल निघालं, बहुतेक २०१६ चं. पाईप चांगला होता, तडा नव्हता. मध्य जरा डावीकडं होता म्हणून तिरका कनेक्टर लागला. दिवसभर पंखा लावून वाळवलं, दुसऱ्या दिवशी बसवलं. आईला तेवढ्या वेळापुरती भाड्यानं ती चाकाची कमोड खुर्ची आणली होती, मेडिकलच्या सामानाच्या दुकानात मिळते, ज्यांच्याकडं म्हातारी माणसं आहेत त्यांनी ही सोय लक्षात ठेवा. शिवाय प्लंबरनंच सुचवलं म्हणून बाजूच्या भिंतीला धरायला स्टीलचा दांडा लावून घेतला, म्हणजे आईचा जोर भांड्यावर येणार नाही.

नीळ-बादली परीक्षा परत घेतली. पट्टी कोरडी. ४५ हजारवाल्याला फोन करून सांगावंसं वाटतंय पण बायको नको म्हणतीय.

आता खालच्या काकांचं काय? छत कोण करून देणार? काकू म्हणतायत सोसायटीनं द्यावं, सेक्रेटरी म्हणतो तुमचं तुम्ही बघा.

पेठभागवाला

सोसायटी रजिस्टर असेल तर आदर्श उपविधी, म्हणजे सोसायट्यांची नमुना नियमावली, बघा. पावसाची गळती आणि बाहेरची सामाईक पाईपलाईन, ड्रेनेज लाईन, हे सोसायटीकडं. फ्लॅटच्या आतल्या संडास-बाथरूममधनं झालेली गळती ज्याची त्यानं स्वतःच्या खर्चानं करायची. तुमची गळती तुमच्या भांड्याच्या सांध्याची निघाली, म्हणजे तुमच्याकडं. बिल्डरला पण धरता येणार नाही आता, रेरा कायद्यात (बिल्डर आणि घर घेणाऱ्यांसाठीचा कायदा) बांधकामातल्या दोषाची जबाबदारी ताबा मिळाल्यापासून ५ वर्षं आहे, तुमची मुदत कधीच गेली. ज्यांचे फ्लॅट नवीन आहेत त्यांनी मात्र हे कलम १४ वाचून ठेवा, लेखी कळवलं की ३० दिवसांत फुकट दुरुस्त करून देणं बंधनकारक आहे. लेखी, फोनवर नाही.

भडंगप्रेमी

मग रंग मीच देतो त्यांना, भांडण नको. लगेच देऊ का?

गवंडीकाका

अजिबात नको. स्लॅबमधली ओल आणि वरचा भराव वाळायला वेळ लागतो, गळती थांबली तरी खालचा डाग महिना-दोन महिने तसाच दिसतो. आत्ता पुट्टी मारली तर तीच पुट्टी परत पोपडा होऊन काकूंच्या डोक्यावर पडेल. डागाच्या कडेनं पेन्सिलनं रेघ मारून तारीख लिहून ठेवा. डाग रेघेच्या बाहेर गेला नाही आणि आक्रसत आला म्हणजे वाळतंय. बाहेर सरकला तर अजून कुठलं तरी पाणी आहे, मग नहाणी ट्रॅपकडं बघायचं. पूर्ण वाळलं की सुटलेले पोपडे खरवडून मग पुट्टी, मग रंग.

कंदीपेढा

माझा पण एक प्रश्न याच धाग्यात विचारून घेते. आमच्या दुसऱ्या बाथरूमला एस ट्रॅप आहे आणि जुन्या फरशीवरच नवीन फरशी बसवायची म्हणतायत हे. त्यानं काही फरक पडतो का? मागच्या वेळी मेणाची रिंग घातली होती, तीच परत वापरता येते का?

मिरज_हार्डवेअर

फरक पडतो आणि तो कुणी आधी सांगत नाही. फरशी वर येते, पाईपाचं तोंड तिथंच राहतं. भांडं जेवढं वर जाईल तेवढं भांड्याचं तोंड आणि पाईप यात अंतर पडतं आणि रिंग दाबलीच जात नाही. जाड रिंग मिळते ती घ्या, किंवा फरशी बसवतानाच प्लंबरला बोलावून पाईपाचा तुकडा वाढवून नवीन फरशीच्या पातळीला आणून घ्या, दुसरं जास्त चांगलं.

मेणाची रिंग एकदाच वापरायची. एकदा दबली की ती परत फुगत नाही. भांडं बसवताना रिंगवर टेकवलं आणि वाकडं बसलं म्हणून उचललं तरी नवीन रिंग घ्यायची. थंडीत मेण कडक होतं, तुमच्या साताऱ्यात डिसेंबर-जानेवारीत काम काढलं तर रिंग आधी तासभर खोलीत ऊबेला ठेवा, उन्हात नको, वितळून चपटी होते. आणि जुन्या भांड्याचं भिंतीपासून पाईपाच्या मध्यापर्यंतचं अंतर मोजून ठेवा, एस ट्रॅप ९ इंच आणि १२ इंच दोन्ही येतात. भिंतीला पण फरशी चढवणार असाल तर तिची जाडी त्यातनं वजा करा, नाहीतर टाकी भिंतीला टेकते आणि भांडं मागं सरकतच नाही.

शामरावनगरकर

पॅन कनेक्टरचा साइज कुठला सांगायचा दुकानात? आमचं पण पी ट्रॅप आहे, वेळ आलीच तर घरात असलेलं बरं.

मिरज_हार्डवेअर

पाईप ११० मिमीचा असेल, तो सांगा, त्यालाच ४ इंची पण म्हणतात. बिडाचा जुना पाईप असेल तर आतला व्यास मोजून या, त्यात फरक असतो. पण आत्ताच घेऊन माळ्यावर टाकू नका, रबर पडून पडून कडक होतं. लागेल तेव्हा या, सोमवारी दुकान बंद असतं.